उरलेल्या पुंगळ्या

माझ्या घरात एकही पुंगळी नाही. नोकरीची सगळी वर्षं ज्या पितळात गेली, त्यातला एवढासा तुकडाही आठवण म्हणून शोकेसमध्ये ठेवता आलेला नाही. सिंगापूरमध्ये झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळीसुद्धा नेमबाजीच्या रेंजच्या फाटकाबाहेर नेता येत नाही. रोज निघताना पहारेकरी माझी पर्स उघडून बघायचा. आत जेवणाचा डबा, छत्री आणि गुडघ्याला लावायचं मलम. इतक्या वर्षांत त्याला दुसरं काही सापडलं नाही, पण बघायचं त्यानं एक दिवसही सोडलं नाही, आणि त्याबद्दल मला त्याचा आदरच वाटतो.

मंडळाच्या गणपतीत नव्यानं आलेल्या मुली विचारतात, "काकू, तुम्ही कुठे होतात जॉबला?" मी सांगते, "नेमबाजीच्या क्लबात. पुंगळ्या तपासायचे." मग एखादी धीर करून म्हणते, "म्हणजे अकाउंट्समध्ये का?" बँक आणि आयटी सोडून तिसरी नोकरी मराठी माणसाला असू शकते, हे आपल्याकडे लवकर पचत नाही. माझ्या मुलानं तर शाळेत सांगून ठेवलं होतं, "माय मदर वॉशेस बुलेट्स, लाह!" त्याला हजारदा समजावलं की बाबा रे, बुलेट वेगळी आणि पुंगळी वेगळी. त्याच्या डोक्यात ते शिरलं नाही. तुमच्या डोक्यात शिरावं म्हणून थोडक्यात सांगते.

काडतुसात चार वस्तू असतात. पुढे गोळी, बुडाला ठिणगी पाडणारी छोटी टोपी, पोटात दारू, आणि हे सगळं ज्यात बसतं ती पितळेची पुंगळी. घोडा दाबला की टोपी फुटते, दारू जळते, गोळी निघून जाते. पुंगळी मागे राहते. ती नीट असेल तर तिच्यात नवी टोपी, नवी दारू, नवी गोळी भरून ती पुन्हा वापरता येते. स्पर्धेत उतरणारे नेमबाज हे मुद्दाम करतात, कारण बाजारच्या काडतुसापेक्षा स्वतःच्या बंदुकीला जुळवून भरलेलं काडतूस जास्त इमानी असतं. आमच्या क्लबाकडे त्याचा परवाना होता. जुरोंगच्या पुढे, बसनं शेवटपर्यंत गेल्यावर, जाळीच्या दाराची एक कुलूपबंद खोली होती. ती माझी. दारू भरण्याचं काम दुसऱ्याचं होतं. माझं काम त्याच्या आधीचं, पितळ निवडायचं आणि तयार करायचं.

हे काम म्हणजे काय, तर पुंगळी आधी धुवायची. मग डोळ्यांनी बघायची, मानेला चीर आहे का. मग टोकाला वाकवलेली बारीक तार आत घालून बुडाजवळच्या भिंतीवरून अलगद ओढायची. तार कुठे अडकली, तर तिथे आतून पितळ झिजून चर पडलाय असं समजायचं. अशी पुंगळी बाहेरून नव्या नवरीसारखी दिसते आणि पुढच्या बाराला कमरेतून तुटते. मग तापलेला वायू मागे, नेमबाजाच्या डोळ्यांकडे येतो. म्हणून तार अडकली की मी पुंगळी पक्कडीत चेपून टाकायची, मग ती कुणाचीही असो. जी पास होईल तिला साच्यात दाबून मापात आणायचं, वाढलेली लांबी कापायची, आणि कडक झालेली मान आचेवर मऊ करायची. फक्त मान. बूड थंड आणि कडकच राहिलं पाहिजे, नाहीतर ते बाराला फुटतं.

या "फक्त माने"वरून आमचे एक सभासद आठवतात. तांजोंग पगारला मोठ्या बँकेत होते, आपलेच, मराठी. दर दसऱ्याला देव्हाऱ्यातली भांडी घासावीत तशा पुंगळ्या चमकवायचे. मी रजेवर असताना त्यांनी क्लबाच्या भट्टीत त्या सगळ्या अख्ख्याच्या अख्ख्या तापवल्या. म्हणे, "अहो ताई, अर्धवट कशाला, सगळीकडून सारखी ट्रीटमेंट द्यावी." अति तिथं माती. बुडासकट मऊ झालेल्या त्या पुंगळ्यांचा लॉटच्या लॉट मी त्यांच्यासमोर चेपला. दोन महिने ते माझ्याशी बोलत नव्हते आणि त्यांची बायको हळदीकुंकवाला मला वाण द्यायला विसरली. डोळे मात्र त्यांचे दोन्ही शाबूत आहेत.

आता ज्या गोष्टीसाठी लिहायला बसले ती सांगते.

गेल्या वर्षी आमची रेंज बंद झाली. जमीन दुसऱ्या कामासाठी हवी होती, आणि इथे जमीन हवी म्हटल्यावर कुणी वाद घालत नाही. शेवटची स्पर्धा जाहीर झाली. त्यानंतर सगळं पितळ चेपून भंगारात जाणार होतं. त्याच आठवड्यात मिस्टर कोह माझ्या जाळीच्या दाराशी आले.

कोह म्हणजे आमच्या क्लबाचे जुने विजेते. पंचाहत्तरी ओलांडलेले, जहाज कंपनीत मॅनेजर होते, कोंबड्यासारखी ताठ मान. त्यांची बायको लिलियन, तीही नेमबाज. नवरा-बायको एकाच दिवशी सभासद झाले होते, एकाच मॉडेलच्या दोन बंदुका घेतल्या होत्या. क्लबाच्या स्पर्धेत कोह पहिले आणि लिलियन दुसरी, हे इतक्यांदा झालं होतं की निकाल लावणाऱ्याला फळा पुसायचाही कंटाळा यायचा. बक्षीस घेताना कोहंचा एक ठरलेला विनोद असे. "लिलियन घोडा दाबताना दचकते. नाहीतर तीच पहिली आली असती आणि मला घरी जेवण मिळालं नसतं, लाह!" सगळे हसत. लिलियनही हसे. (हे लोक बोलत सिंगापुरी इंग्रजी. मी इथे मराठी करून सांगतेय. "लाह" तेवढा ठेवलाय, त्याला मराठी मला सापडलेली नाही.)

दोन वर्षांपूर्वी लिलियन गेली. पोटाचा कॅन्सर, तीन महिन्यांत आटोपलं. तिची बंदूक नियमाप्रमाणे जमा झाली. पुंगळ्यांचा डबा मात्र क्लबाच्या कपाटात तसाच होता.

कोहंनी तो डबा माझ्या टेबलावर ठेवला. "मॅडम, शेवटची स्पर्धा मी हिच्या पुंगळ्यांवर मारणार. जिंकायचं आणि बक्षिसाच्या ढालीवर तिचं नाव घालायचं. सेक्रेटरीशी बोललोय. तो हो म्हणालाय."

मी म्हटलं, "मिस्टर कोह, या तिच्या बंदुकीत झडलेल्या आहेत."

नेमबाजांना यापुढचं सांगावं लागत नाही, तुम्हाला सांगते. बार होतो तेव्हा पितळ फुगून बंदुकीच्या आतल्या भिंतीला चिकटतं आणि तिथलाच आकार घेतं. दोन बंदुका एका कारखान्याच्या, एका मॉडेलच्या असल्या तरी त्यांचं पोट केसभर निराळं असतं. लिलियनच्या पुंगळ्यांवर तिच्या बंदुकीचा आकार होता. कोहंच्या बंदुकीत त्या नीट बसवायच्या तर पूर्ण साच्यातून दाबून काढाव्या लागणार होत्या. म्हणजे तो आकार पुसायचा.

कोहंनी डबा माझ्याकडे सरकवला. "पुसा," म्हणाले. "बंदूकच नाही राहिली, आकार ठेवून काय करू?"

आमच्या क्लबात एक रीत होती. दुसऱ्याच्या पुंगळ्यांना हात लावायचा नाही. प्रत्येकानं आपल्या आपण वजन करायच्या, निवडायच्या, डब्यात लावायच्या. मी बघायची ती फक्त चीर आणि चर, म्हणजे जिवाला धोका आहे का तेवढं. कुणाचं पितळ किती जुळलेलं आहे, हे मी बघत नसे आणि सांगतही नसे. खेळाडूचं गुपित ते. या रिवाजाला एकच अपवाद होता. कोहंना टेबलाशी बसून निवडत राहण्याचा मनस्वी कंटाळा, म्हणून दोघांचं पितळ लिलियनच निवडायची. माझ्या खोलीतलं कोपऱ्यातलं टेबल तिचंच झालं होतं. मी चहा करायची, ती कायाटोस्ट, म्हणजे इथला नारळाच्या जॅमचा टोस्ट, आणायची. ती तासन्‌तास त्या छोट्या काट्यावर एकेक पुंगळी तोलत बसे. मला म्हणायची, "तुझं काम किती छान आहे. पितळ उलट बोलत नाही." मी म्हणायची, "नवरा आणि पितळ यात तेवढाच फरक." बरं जमायचं आमचं.

तर तो डबा मी उघडला. धुतलं, चिरा पाहिल्या, तार घातली. काही माना तडकलेल्या निघाल्या, काहींत तार अडकली. त्या चेपताना नेहमीसारखा हात चालेना, पण चेपल्या. उरलेल्या निरोगी होत्या. स्पर्धेला पुरून उरतील इतक्या होत्या. मग त्यांना साच्यातून काढलं, लांबी कापली, माना मऊ केल्या. सगळं झाल्यावर वाटलं, एवढं केलंय तर कोहंना जिंकायचंय म्हणून वजनंही बघून देऊ. रिवाज मोडला तो असा.

पहिल्या चार-पाच पुंगळ्या काट्यावर ठेवल्या आणि मला वाटलं काटाच बिघडला. एक जड, एक हलकी, एक मधलीच. काटा पुन्हा लावून घेतला. तेच. मानेची जाडी मोजली, तर एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ. अख्ख्या डब्यात शेजारी शेजारी बसावी अशी जोडी मिळेना.

याचा अर्थ असा, की बाहेरून सगळ्या पुंगळ्या एका मापाच्या असल्या तरी जड पुंगळीच्या भिंती जाड असतात. एकाच आकाराच्या दोन वाट्यांत जिचं बूड जाड, तिच्यात आमटी कमी मावते, तसंच. आत जागा कमी म्हणजे दाब जास्त, आणि गोळी वर. जागा जास्त म्हणजे गोळी खाली. नेमबाजानं श्वास धरून, जीव एकवटून दर वेळी तंतोतंत सारखा नेम धरला तरी कागदावर भोकं विखुरणार. लांबून बघणाऱ्याला वाटणार, हा दचकतो.

मला काही उलगडेना. जी बाई माझ्यासमोर तासन्‌तास काट्याशी बसायची, तिचा डबा असा? म्हातारपणी नजर गेली असेल म्हणावं, तर डबा जुना होता.

दुसऱ्या दिवशी कोह आले. मी त्यांना स्पष्टच सांगितलं. "या सुरक्षित आहेत. तुम्ही मारू शकता. पण यांच्यावर जिंकता येणार नाही. पितळ जुळलेलं नाही."

त्यांचा चेहरा पडला. मग ते मान हलवून हसले. ते हसणं मला अजून आठवतं. "अशीच होती ती. कामात लक्ष नाही. सारखी तुमच्याशी गप्पा मारायची ना? मी म्हणायचोच, बायकांना या खेळात..."

त्यांनी वाक्य पुरं केलं नाही, पण मला पुरे झालं. माझं डोकं तापलं. मेलेल्या माणसाला उलट बोलता येत नाही, आणि जिच्याबद्दल ते बोलत होते तिच्याइतका स्थिर हात मी त्या क्लबात दुसरा पाहिला नव्हता. मी म्हटलं, "मिस्टर कोह, तुमचा डबा आणा."

"कशाला?"

"आणा हो."

कपाटातून त्यांनी स्वतःचा डबा आणला. मी त्यांनाच काट्यासमोर बसवलं, लिलियनच्या खुर्चीत. म्हटलं, "ठेवा एकेक." त्यांनी एक ठेवली. दुसरी ठेवली. तिसरी. काटा जागचा हलेना. ते ठेवत गेले. डबा अर्धा झाला तरी सगळ्या जणू एकीच्या पोटच्या. मग मी लिलियनच्या डब्यातल्या तीन त्यांच्या हातात दिल्या. काटा तिन्ही वेळा तीन ठिकाणी गेला.

कोहंनी पुंगळीचं बूड चष्म्याजवळ नेलं. दोन्ही डब्यांतल्या बुडावर कारखान्याचा एकच शिक्का होता.

"आम्ही एकदमच घ्यायचो," ते हळू म्हणाले. "दोघांचं मिळून. एकाच लॉटमधलं."

मी म्हटलं, "एका लॉटमध्ये इतक्या सारख्या कधी निघत नाहीत. कुणीतरी निवडाव्या लागतात."

"आणि निवडून उरलेल्या?"

उरलेल्या त्यांच्यासमोर टेबलावरच होत्या. दर वेळी नवं पितळ आलं की त्या बाईनं माझ्या शेजारी बसून, माझा चहा पीत, चांगलं तेवढं नवऱ्याच्या डब्यात लावलं आणि गाळ स्वतः घेतला. मग जाऊन त्या गाळावर दुसरी आली, आणि तो दचकण्याचा विनोद ऐकून सगळ्यांबरोबर हसली. मी शेजारी होते. मला कळलं नाही. पितळ हा माझा धंदा आणि मला कळलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. तिला मी विचारलं असतं तर ती काय म्हणाली असती, तेही आता कळायचं नाही.

कोह रडले नाहीत. त्या पिढीचे चिनी पुरुष कुणासमोर रडत नाहीत, आपल्याकडचेही नाहीत. नंतर त्यांनी दोन्ही डबे बंद केले.

मी म्हटलं, "तुमच्याच पुंगळ्यांवर मारा. त्याही तिनंच निवडलेल्या आहेत. जिंकाल, आणि ढालीवर तिचं नाव लागेल. तुम्हाला हवं होतं ते होईल." माझ्या मते हा सल्ला शहाणपणाचा होता. आजही मला तसंच वाटतं.

त्यांनी माझं ऐकून घेतलं, "थँक्यू मॅडम" म्हणाले, आणि दारू भरणाऱ्याकडे जाताना लिलियनचा डबा उचलला.

स्पर्धेच्या दिवशी कधी नव्हे ती गर्दी झाली होती. वर्षानुवर्षं न फिरकलेले सभासद शेवटचे फोटो काढायला आले होते. माझा मुलगाही आला होता, आई नेमकं काय करायची ते बघायला, रेंज पाडायच्या आधी एकदा. मी त्याला खोली दाखवली. यंत्रं विकली गेली होती आणि भिंतीवर नुसते त्यांचे डाग होते. "दॅट्स ऑल आह?" म्हणाला. मग माझ्याकडे बघून त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

कोह त्यांच्या नेहमीच्या जागी बंदूक घेऊन पालथे झोपले. हात स्थिर होता, मी मागून बघत होते. श्वास नीट होता, घोडा लोण्यासारखा दाबत होते. दचकणं नावालाही नव्हतं. मला पुंगळ्या तेवढ्या कळतात, नेम फारसा कळत नाही, पण इतकी वर्षं माणसं बघून चांगला बार आणि वाईट बार पाठीवरून ओळखता येतो. ते सगळे चांगले बार होते. कागद आला तेव्हा भोकं वर, खाली, वर अशी विखुरलेली होती. मी ते भोकांचं जाळं लगेच ओळखलं. असा कागद दर स्पर्धेला लिलियन हातात घेऊन यायची आणि घडी घालून पिशवीत टाकायची.

शेवटी पुंगळ्या गोळा करायचं काम माझं. कोहंनी मला वाकू दिलं नाही. गुडघे टेकून एकेक पुंगळी स्वतः वेचली आणि माझ्या ट्रेमध्ये ठेवली. अजून कोमट होत्या. आता त्या त्यांच्या बंदुकीच्या आकाराच्या झाल्या होत्या. दुपारी इतरांबरोबर त्याही चेपल्या जाणार होत्या.

फळ्यावर निकाल लागला. जिंकला एक तरुण डॉक्टर. कोह सहावे. ढालीवर लिलियनचं नाव लागलं नाही. लोक येऊन त्यांच्या पाठीवर थोपटत होते. "अंकल, आज लक नव्हतं, लाह." "अंकल, वारा होता." ते प्रत्येकाला मान डोलावून उत्तर देत होते.

गर्दी पांगल्यावर मी जवळ गेले. म्हटलं, "वयही झालंय हो तुमचं, मिस्टर कोह. डोळे आता पूर्वीसारखे नाहीत."

ते फळ्याकडेच बघत होते.

"नाही मॅडम," ते म्हणाले. "मी आज चांगलं मारलं. याच्याहून चांगलं मला मारता येत नाही. पण याच पुंगळ्यांवर ती दुसरी यायची."